धुराड्याचा पत्रा

कोयनेच्या भूकंपात खोतांचं चुलवाण उललं
आणि वरची काहील बुडातून फाटली.
ऊस तर तोडणीला आलेला.
म्हणून पौषात, कासेगावच्या फाट्यावर,
ट्रकमधून तो पत्रा उतरला:
पाव इंच जाड, सुपासारखा बाक,
दारूखान्यातून वजनावर घेतलेला,
आम्हाला वजनावरच दिलेला.

ड्रायव्हर म्हणाला, बोटीचं धुराडं हाय.
लढाईतली मालबोट. चाळीस दिवसांत बांधली.
पहिला चहा संपेपर्यंत चाळीसाचे वीस झाले,
दुसऱ्याला चार.
अब्बांनी ऐकून घेतलं.
बाळेखान शिकलगार माणसांचं ऐकायचे,
खरं काय ते पत्र्याला विचारायचे.

विचारायची रीत म्हणजे पटाशी आणि रेती.
मी नऊ वर्षांचा; माझ्याकडे पाण्याचा डबा.
वरचा रंग पिवळा, त्यावर निळं एक अक्षर,
गुरुजींनाही न लागलेलं.
खाऱ्या वाऱ्यानं त्याला देवी आल्या होत्या.
त्याखाली काळा. काळ्यात तांबडा पट्टा.
म्हणजे मालक बदलला, अब्बा म्हणाले,
बैल विकला की शिंगं नव्यानं रंगवतात तसं.
किती गहू, किती कोळसा, कुठली बंदरं,
ते रंगात नसतं.
आईला मात्र खात्री होती
की रेशनवरचा तांबडा मिलो
ह्याच बोटीनं आणला,
आणि ती जाता-येता पत्र्याकडे बघून बोटं मोडायची.

त्याखाली राखाडी.
हा सोलायला दोन दिवस लागले.
इतका चिवट, जणू अजून लपून बसायचंय त्याला,
दिवसा पाण्यासारखं,
रात्री नसल्यासारखं.
एके ठिकाणी कांद्याएवढं भोक, वर ठिगळ.
ठिगळ घाईत मारलेलं,
कडा घासायलाही कुणी थांबलं नव्हतं.
अब्बांनी त्यावर अंगठा फिरवला
आणि त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

राखाडीच्या खाली शेंदूर.
खरा शेंदूर, म्हसोबाला लावतात तो.
शामू कोळेकर गुळव्या माप द्यायला आलेला,
त्यानं पायातली पायताणं काढली.
अब्बा हसले नाहीत.
म्हणाले, गंज चढू नये म्हणून लावत्यात रे.
पण पोटात गेला तर गळा जातो.
अख्ख्या गावाचा जाईल.
मग पुन्हा रेती, पुन्हा पाणी,
पत्र्यात माझे दात दिसेपर्यंत.

तेव्हा सापडला सांधा.
रिबीट नाही, वेल्डिंग. हातभर लांब,
वाकळीसारखे एकाला एक लागून टाके,
आणि शेवटी, तापल्या काडीनंच काढलेली
दोन इंग्रजी अक्षरं.
डी. एम., गुरुजींनी वाचलं.
डी. एम. म्हणजे कोण? तर म्हणाले, कलेक्टर.
कलेक्टरला एवढी सबुरी नसते, अब्बा म्हणाले.
हा वाकळ शिवलेला हात आहे.
बोट चाळीस दिवसांत झाली असंल नाहीतर चार,
ह्या हातभरात घाई नाही.

टाके त्यांनी कापले नाहीत.
पत्रा फिरवून घेतला, सांधा कडेला येईल असा.

संक्रांत झाल्यावर पहिलं आदण.
भेंडीचं पाणी, मळी, फेस,
मग वासे घालून बारा माणसांनी काहील उचलली,
कलंडवली वाफ्यावर.
आमच्यातल्या कुणीही समुद्र पाहिला नव्हता.
तरी शामू ओरडला,
"डाव्या अंगाला, डाव्या अंगाला! बुडतीय, धरा!"

खूप पुढे वाचलं मी
की त्या जातीच्या काही बोटी
थंड पाण्यात मधोमध तडकायच्या.
हिला आम्ही थंडी लागू दिली नाही,
मार्गशीर्ष ते चैत्र, चोवीस हंगाम,
पोटाखाली चिपाडाचा जाळ.

आता खोतांच्या नातवाच्या गोठ्यात पालथी आहे,
खाली कोंबड्या.
परवा गेलो होतो. कड चाचपली.
डी बोटाला लागतो.
एमवर गूळ बसलाय.